राखाडी पासपोर्ट

नार्वाच्या वाचनालयात मी चाळीस खुर्च्या मांडल्या,
अकरा भरल्या.
टाल्लिनहून आलेले प्राध्यापक म्हणाले,
"माझा देश विचाराल, तर पृथ्वी."
टाळ्या पडल्या. हीटर खोकला.

मागून उठला रेइन, पुलावरचा निवृत्त पहारेकरी:
"जो सगळ्यांचा, तो कोणाचाच नाही.
घर पेटलं की पृथ्वी बादली घेऊन येत नाही,
शेजारी येतो."
त्यालाही टाळ्या. थोड्या जास्तच.

अगाफ्या इतका वेळ गप्प होती.
तीस वर्षं गिरणीत सूत जोडलेली बाई,
तुटलं टोक थुंकीनं ओलं करून.
तिनं पिशवीतून पासपोर्ट काढला,
टेबलावर उघडून ठेवला:
नागरिकत्व, अनिश्चित.

"साहेब, तुमच्या पृथ्वीचं ऑफिस कितव्या मजल्यावर?
पेन्शनचा अर्ज घेतात का तिथे?"
मग वळून,
"आणि तू रे, रेइन,
माझ्या डोक्यावरच्याच खोलीत राहतोस.
तुझा नळ गळला की माझं छत ओलं.
तरी पुलावर दर वेळी विचारायचास,
कोण तुम्ही?"

उत्तर कोणीच दिलं नाही.
खाली नदीत दोन्ही काठांचे गळ
एकाच मासळीसाठी पडले होते,
ती, काकडीच्या वासाची.

खुर्च्या मिटताना पाहिलं, पासपोर्ट टेबलावरच.
जिन्यात गाठलं तिला.
"ठेव रे, कोणाच्या कामाचा आहे तो?" म्हणाली,
आणि हिसकावून घेतला,
घातला अगदी आतल्या कप्प्यात,
चेन दोनदा ओढून पाहिली.