पाणमांजराचे अकरा सेकंद

बॅलिनात एकच थिएटर, आणि त्याचंही छत
तिसऱ्या रांगेपाशी गळतं, म्हणून तिथे बादली ठेवलेली असते.
आम्ही बादलीच्या मागे बसलो:
आई, कोट न काढता,
डर्व्हलाची दोन मुलं, मध्ये डर्व्हला,
कडेला मी, मांडीवर सगळ्यांच्या टोप्या.

चार वर्षं माझ्या बहिणीने
डब्लिनच्या एका तिसऱ्या मजल्यावर बसून
पाणमांजराची लव ओली केली.
तेवढंच.
डोळे दुसऱ्या कुणाकडे, शेपूट तिसऱ्याकडे,
आवाज एका महागड्या माणसाचा.
हिच्याकडे फक्त
पाण्यातून वर आल्यावर केसांचे झुपके कसे होतात,
थेंब कुठल्या टोकाशी रेंगाळतो,
अंग झाडल्यावर आधी काय सुकतं, मान की पाठ.
नाताळला घरी आली की पहाटे मॉय नदीच्या पुलाखाली
टॉर्च घेऊन उकिडवी बसायची.
आई म्हणायची, हिला नवरा सोडून गेला
यात नवल ते काय.

सिनेमा सुरू झाला.
पाणमांजर बोलू लागलं आणि बोलतच राहिलं.
शहरात गेलं, महापौर झालं,
एका बदकाशी भांडलं, त्याच बदकाला मिठी मारली,
मधे तीन गाणी,
तिन्हींत स्वतःवर विश्वास ठेवायचा.
दर दोन मिनिटांनी कुणीतरी धपकन पडत होतं.
पडलं की हसायचं, हे मुलांना ठाऊक;
पहिल्या पाच वेळा ती हसलीसुद्धा.
मग धाकटा फियाक्रा बादलीतले थेंब मोजू लागला.
मोठी ब्लॉनिड, दहा वर्षांची, शिष्ट,
माझ्या कानाशी: मामा, आईला सांगू नकोस,
पण ते बदक मला कळलंच नाही.
मलाही नाही, म्हटलं.
आजी घोरत होती. कोटासकट.

डर्व्हला मात्र ताठ.
हात मांड्यांखाली दाबलेले,
शाळेत निकाल वाचताना बसायची तशी.
फोनवर तिने सांगून ठेवलं होतं:
एक तास दोन मिनिटांनी, धरणानंतर. बघ.
आणि एक तास एक मिनिटाला
फियाक्रा म्हणाला, शू.

मी उठायला गेलो. टोप्या पडल्या.
बस तू, ती म्हणाली, मी नेते,
मी दहा हजार वेळा पाहिलंय.
आणि वाकून,
पडद्यावर आपली सावली पडू नये म्हणून अगदी वाकून,
गेली.

मग ते आलं.
धरणाखालच्या काळ्या पाण्यातून
एक डोकं वर आलं, आणि बोललं नाही.
मानेवरची लव काट्याकाट्यांनी चिकटलेली,
फटींतून कातडीचा निळसर रंग,
हनुवटीवरचा थेंब
पडू की नको करत
राहिला
राहिला.
कुणी खाकरलं नाही. चिप्सचं पाकीटही नाही वाजलं.
बादलीत टप्प झालं,
आणि मला वाटलं, हा तोच.
अकरा सेकंद.
बाराव्याला बदक आलं, मोबाईल घेऊन.

बाहेर नुसता वारा.
आई म्हणाली, छान होता हो, गर्दी नव्हती.
ब्लॉनिडने सांगितलं, आवाज फार मोठा होता,
आणि विषय तिथेच मिटवला, मोठ्या माणसासारखा.
पुलावर डर्व्हला मुद्दाम मागे राहिली.
कसा होता, असं नाही विचारलं तिने.
कसं होतं, विचारलं.

ओलं होतं, मी म्हटलं.

ती हसली नाही, काही बोललीही नाही,
कठड्यावरून खाली बघत राहिली,
जिथे नदीला रात्री नुसता आवाज असतो.
मग फियाक्रा परत पळत आला, तिची बाही ओढू लागला.
त्याला पुन्हा लागली होती.