तीन बोटांची मूठ

भोकरच्या बाजारात, गुरांच्या ओळीमागं आमचं पाल.
भाता मी ओढायची, घण आई मारायची,
सांडस बापाच्या हातात.
घण बाईचा, शब्द बापाचा.

त्यानं शिंग आणलं धोतराच्या फडक्यात गुंडाळून.
'म्हैस होती, चंद्री. वरीस झालं.'
नाव भुजंगा, राहणार किनवटकडल्या डोंगरात.
उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
पेरापासून नाही.
'सुरी पाहिजे रानातली. डुकराची.
मूठ मह्या हाताची कर.'

बोटं कशानं गेली?
पहिल्या बाजारी म्हणाला, डुकरानं.
दुसऱ्या बाजारी, गावठी बंदूक फुटली.
आई घणावर रेलून हसली.
कडबाकुट्टीनं खाल्लेले हात
तिनं पुष्कळ पाहिले होते.

मापासाठी बापानं ओल्या मातीचा गोळा दिला: 'आवळ.'
त्यानं आवळला डोळे मिटून,
आत काही तडफडत असल्यासारखा.
मातीत उमटले तीन खोल चर
आणि दोन उथळ खळगे, बोराएवढे.

पातं ट्रकच्या कमानपट्ट्याचं.
तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं,
करडईच्या तेलात बुडवलं
(त्यालाही आम्ही पाणी देणंच म्हणतो).
मग निखाऱ्यावर धरून रंगाची वाट पाहिली:
आधी कडब्याचा, मग गुळाचा.
निळा यायच्या आत काढायचं,
निळ्याला धार टिकत नाही.

शिंग कापताना वास सुटला जळक्या केसांचा.
दोन दिवस भाकरीला तोच वास.
दोन दिवस चंद्री आमच्या पालात होती.
घासता घासता काळ्यातून
ताकासारखी एक रेघ निघाली.
बाप म्हणाला, राहू दे ती.

तो आला नाही.
तीन बाजार गेले, मग पोळा, मग दुसरा पोळा.

मग एक बाई आली, मोकळ्या कपाळाची.
पदराच्या गाठीतले उरलेले चाळीस रुपये
तिनं मोजून ऐरणीवर ठेवले.
सुरी उचलली. तिची दोन बोटं
बाहेरच राहिली,
पंगतीत पान न मिळालेल्या पाव्हण्यांसारखी.
'हे खळगे भरून देतूस का, दादा?'
'शिंग काढता येतं बाई,
घालता येत नाही.'
तिनं अंगठा फिरवला खळग्यांवरून,
एकदा सुलटा, एकदा उलटा.
'मग राहू दे. डुक्कर तर त्यानं
कधी मारलंच न्हाई.'
तांब्याभर पाणी प्यायली आणि गेली.
चाळीस रुपयांना बापानं
संध्याकाळपर्यंत हात लावला नाही.

आता ती सुरी माझ्याकडं, नांदेडला,
तरोड्यातल्या दोन खोल्यांत.
कांद्याला जड, भिंतीवर टांगायला साधी.
मुलगा हातात घेतो, म्हणतो, मूठ चुकलीय.
चुकली नाही.
तो मातीचा गोळा पाहिलेली
आता मी एकटीच उरलेय.

आभाळ आलं की शिंग फुगतं,
रिपिटांची पितळी डोकी आत बुडतात केसभर.
चैत्रात आखडतं, तेव्हा ती वर येतात,
बोटाला बोचतात.
मग मी थोडं करडईचं तेल घेऊन बसते,
आणि चोळता चोळता माझी करंगळी,
तिच्या शेजारचं बोट,
न सांगता दुमडून घेतात स्वतःला.