जामीनदार क्रमांक दोन

पगार चार हजार तीनशे सतरा रुपयांनी कमी आला.
आधी वाटलं, मशीनच चुकलं.
स्वारगेटच्या एटीएमला मी दोनदा विचारलं,
दोनदा त्यानं तोच आकडा सांगितला.
मागचा माणूस खाकरला.

कॉलेजच्या अकाउंट्समध्ये गुंजाळबाई
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"जप्ती आहे, पवळे. पगारावर.
पत्र येऊन तीन आठवडे झाले. तुम्हाला नाही मिळालं?"
आमची पत्रं अजून जुन्याच पत्त्यावर जातात,
पर्वती पायथ्याला, जिथे आता पार्किंग आहे.

हुकमात आधी होनराव,
बबन सखाराम होनराव, फिजिक्स लॅब, कर्जदार, ठावठिकाणा नाही.
मग जामीनदार क्रमांक एक, मयत.
मग मी.

बारा वर्षांपूर्वीची दुपार. प्रॅक्टिकल संपलेलं,
मी ब्युरेट धुऊन उलट्या टांगत होतो.
होनराव फॉर्म घेऊन आला, माझंच पेन मागून घेतलं
आणि उघडून मलाच परत दिलं: "इथे, आणि इथे."
साठ हजार. पोरीचं नर्सिंग.
"फक्त नावाला रे," तो म्हणाला.
बरोबर. नावालाच.
सहीखाली मी तारीखसुद्धा नीट घातली,
फिनॉल्फ्थॅलीनच्या बाटलीवर घालतो तशी.

रविवारी वडगाव बुद्रुकला गेलो.
बसमध्ये सगळं पाठ करत गेलो. एक शिवी तर
इतकी नेमकी जमली की मीच हसलो.
दारावर दुसरीच पाटी, दारात दुसऱ्याच बाई.
"ते होनराव? ते गेले की सोडून, करोनाच्या आधीच.
लोणीकडे कुठेतरी. पाणी घेता?"
पाणी प्यालो.
शिवी तशीच परत आणली. आहे अजून.

मग पतसंस्थेत.
संस्था बुडाल्याला सहा वर्षं झाली.
शटर अर्धं वर, आत एक अवसायक, एक पंखा
आणि वसुली, जी बुडत नाही.
मी म्हटलं, साहेब, माझ्या आईचे ऐंशी हजार
इथेच अडकलेत, मुदत ठेव, पावती आहे घरी.
तेच वळते करून घ्या.
त्यांनी मान वर न करता बोट दाखवलं:
"ठेवीदार? ते टेबल वेगळं."
त्या टेबलाला माणूस नव्हता. खुर्ची होती,
खुर्चीवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर
कुणाचा तरी विसरलेला डबा.

टायट्रेशनला पोरं नेहमी घाई करतात.
मी सांगत असतो, शेवटी थेंब मोजून सोडा,
आधीचं काहीच दिसत नाही, आणि मग
एका थेंबात सगळं गुलाबी.
बत्तीस वर्षं सांगतोय.

कालिंदीला सांगायला चार दिवस लावले.
तिनं ओरडायला हवं होतं. तिनं विचारलं,
"तुम्हाला काय मिळालं होतं तेव्हा?"
आठवून पाहिलं. "कांदाभजी. एक प्लेट, दोघांत."
"पैसे कुणी दिले?"
"मीच."
तेव्हा ती हसली, आणि मला फार वाईट वाटलं.

रात्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडत बसली.
दूध अर्धा लिटर. माझी गुडघ्याची गोळी एक दिवसाआड,
ती खोडून पुन्हा रोज. केबल बंद.
एकेचाळीस हप्ते, माझी नोकरी एकोणचाळीस महिने.
"दोन उरतात," ती म्हणाली.
मी भिंतीकडे बघत राहिलो.
"त्या दोन हप्त्यांना मी जामीन,"
असं म्हणून तिनं पेन्सिल कानामागे खोचली
आणि गॅसवर काहीतरी करपत होतं
तिकडे गेली.