होती तशी

मानवतच्या जिनिंगमागं
बाभळीनं तिच्या बॉनेटमधून फांदी वर काढली होती.
भंगारवाला म्हणाला, तीन टन तरी भरेल.
आज जालन्याला धाडली, तर उद्या रोलिंग मिलमध्ये
पाणी होईल तिचं.
इनायत मिस्त्रीनं फक्त दार उघडलं,
पुन्हा लोटलं.
खट्.
"हिला भट्टी नको," तो म्हणाला,
"हिचं दार अजून लागतंय."

चपट्या नाकाची शेवरलेट, मोठ्या लढाईतली.
समोरची काच खालून आत झुकलेली,
वरच्या विमानाला चमक दिसू नये म्हणून.
आमच्या आभाळात विमान कुठलं?
घारी फिरायच्या, सरकीच्या ढिगावर.
तरी काच मान खाली घालूनच उभी,
कुणी सांगितलंच नाही तिला
की लढाई संपली.

सेलूला आणली ट्रॅक्टरमागं ओढत.
पैसे खटिंगबापूंचे. स्वतः रिटायर हवालदार;
त्यांचे चुलते असल्याच गाडीवर होते, ब्रह्मदेशाच्या वाटेला.
शेती वाटण्यात गेली. चुलत्याकडून बापूंना आली एकच गोष्ट:
चढाला गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा,
आणि देवाचं नाव घ्यायचं ते
दोन क्लचच्या मधल्या फटीत.
"आहे तशी करा," बापू म्हणाले.
मग स्वतःच थांबले.
"म्हणजे, होती तशी."

माझ्याकडं पॉलिश पेपर आला.
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी एक दार घासत होतो.
वर निळा, रॉकेलवाल्याचा.
त्याखाली पांढरा, कुणाचा ते कळेना.
त्याखाली पिवळा, त्यावर ब्रशानं काढलेली अक्षरं:
फक्त पिण्याच्या पाण्यासा
आणि पुढं पत्रा खाल्लेला.
पिवळ्याच्या फटीतून हिरवा डोकावत होता,
वाळल्या मेंदीसारखा,
त्यात एक नंबर, शेवटचे दोन आकडे उडालेले.
बापूंनी चष्मा पुसला. मला म्हणाले, "थांबू नको."

त्याच दिवशी कौसाबाई खुरप्याला मूठ बसवायला आल्या.
दाराकडं बघितलं. खुरपं तिथंच ठेवलं.
"हीच की ती!
बहात्तरला आम्ही खडी फोडायला होतो,
उन्हात हिची वाट बघायचो.
दिसायची नंतर, आवाज आधी यायचा.
आवाजानंच घागरी उठायच्या.
ड्रायव्हर म्हणायचा, एका बाईला एकच.
मला दोन द्यायचा."
आणि पदर तोंडाला लावून हसल्या,
का, ते काही सांगितलं नाही.
जाताना म्हणाल्या,
"हिला हिरवी कामून करायलात?"

बापू काही बोलले नाहीत.
लढाई त्यांच्या चुलत्याची,
तहान ह्या बाईची,
आणि दार एकच.
मिस्त्री गाडीखालून म्हणाला,
"इंजनाला रंग कळत नसतो, बापू. पाना द्या तेवढा, बाराचा."

रिंगा जालन्याहून आल्या.
गॅस्केट मिस्त्रीनं स्वतः कापलं, घरच्या कात्रीनं,
बायकोच्या शिव्या खात.
हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा,
नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो,
हे मी शिकलो, एकदा न ऐकून.

बुधवारी, तिसऱ्या हँडलला, ती खोकली.
धूर. पेट्रोलचा वास. मग सहाही सिलिंडर
एका सुरात नाही, पण एका घरातल्या माणसांसारखे.
बापू गाडीत बसून होते. पाय क्लचवर,
ओठ हलत होते.
रस्त्यापलीकडं कौसाबाई भाजी निवडत बसलेल्या.
त्या उठल्या.
उजवा हात आपोआप कमरेवर गेला,
जिथं घागर बसते तिथं.
मग रिकाम्या हाताकडं त्यांनी बघितलं
आणि परत खाली बसल्या.

हिरव्या रंगाचा डबा अजून फळीवर आहे, न फोडलेला.
बापू रोज विचारतात.
मिस्त्री म्हणतो, हवा दमट आहे, रंग धरायचा नाही.
मे महिना चालू आहे.