नखाची सर

मंडळीनं मला वडील निवडलं त्या रविवारी
मी काळा कोट नवा शिवून घेतला होता.
पहिल्या बाकाची उजवी कड, खांबाजवळची,
जिथं टॉर्क्विल तीस वर्षं बसला,
ती आता माझी.
बायकोनं बटणं दोनदा घासली.
खोटं कशाला बोलू? बरं वाटलं.
धक्क्यावर कुणीतरी जाळं दुरुस्त करता करता म्हणालं,
टॉर्क्विलच्या नखाची सर नाही याला.
मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी त्याच्याकडे गेलो, कारभार घ्यायला.
बेटावर वारा असा, की मेंढ्या भिंतींना चिकटलेल्या.
वाटलं, देवळाची किल्ली देईल, दानाची वही,
पाळकांशी वाद कसा घालावा याचे दोन कानमंत्र.
त्यानं खुर्चीखालून बिस्किटांचा डबा ओढला.
आत जाड कात्री, कानस,
लोकरीच्या तेलाचं मलम,
घडी घातलेला टॉवेल,
आणि थरथरत्या अक्षरातला एक कागद:

एफी. गुरुवारी. डाव्या अंगठ्याला हळू.
बोलत राहा, नाहीतर रडते.
कॅलम. प्यालेला असला तरी जा.
शाळेच्या बीटनबाई आधी चहा पाजतात,
मग मोजे काढतात. घाई नको.
रॉडी शिव्या देईल. मलाही देतो.

‘हे वडीलपण?’
‘त्यांना वाकवत नाही,’ तो म्हणाला.
‘नर्स येते ना बोटीनं?’
‘महिन्यातून एकदा. समुद्र बरा असला तर.’
आणि चुलीत मातीचं ढेकूळ सरकवलं,
जणू बोलणं संपलं.

तीस वर्षं मी त्याच्या मागच्या बाकावर होतो.
त्याची प्रार्थना आखूड, कोरडी,
मला वाटायचं, याला शब्द सुचत नाहीत.

गुरुवारी एफीच्या दारात
मी किती वेळ उभा होतो ते तिच्या कुत्र्याला ठाऊक.
तिचा इयन माझ्या बोटीवरून गेला.
अकरा वर्षं मी तिला फक्त देवळात,
मान हलवून, लांबून.
आता तिची टाच माझ्या मांडीवर,
नखं शिंपल्यासारखी, पिवळी, वळलेली.
खाली बसल्यावर दिसतं, उभ्यानं दिसत नाही:
पलंगाखाली इयनचे बूट,
तेल लावलेले.
बोलत राहा, कागदात लिहिलं होतं.
माझ्या तोंडून शब्द फुटेना.
मग तीच बोलत राहिली,
कोंबड्यांबद्दल, छपराबद्दल,
मी रडू नये म्हणून.

कुणाचे पाय धरायचे नाहीत,
असं बापानं शिकवलं होतं मला.

फेब्रुवारीत टॉर्क्विलची चप्पल पाहिली,
पुढून सुरीनं कापलेली,
अंगठ्याला जागा व्हावी म्हणून.
कागदावर सगळे होते, तो नव्हता.
मी डबा उघडला, गुडघे टेकले.
त्यानं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढले,
चोरी पकडल्यासारखे.
‘नको. तू नको.’
‘मग कोण?’
तो चुलीकडे बघत राहिला.
चहा गार झाला, त्यावर साय धरली.
माझे गुडघे दुखायला लागले
आणि मनात आलं ते फार पवित्र नव्हतं.
शेवटी एक पाय पुढे आला.
‘हा एकच. दुसरा पुढच्या आठवड्यात.’

सुकवलेल्या माशाएवढा हलका पाय.
मी बोलत राहिलो:
खेकड्यांचे भाव, बोटीचं इंजिन,
पाळकांचं लांबलेलं प्रवचन,
जे सुचेल ते,
वर न बघता.

रविवारी बाकाच्या कडेला बसलो
तेव्हा कोटाच्या बाहीत काहीतरी टोचलं.
चिमटीत धरून पाहिलं,
आणि परत तिथंच ठेवलं.