सही साची

कोठी कचेरीबाहेर, कडुलिंबाखाली
परीखभाईंच्या टेबलाच्या एका पायाखाली विटेचा तुकडा.
त्या टेबलावर मी लिहून दिलं:
दोन मार्च एक्क्याण्णवला सयाजी रुग्णालयात जन्मलेली,
नोंदवहीत जिच्या नावाची जागा कोरी, पुढे फक्त ‘स्त्री’,
ती आणि मृण्मयी खासगीवाले एकच.

नोटरीनं विचारलं नाही, कशावरून.
त्यानं माझी सही पाहिली.
त्याची सही गांधीनगर पाहील,
गांधीनगरची दिल्ली,
मग दिल्लीनं मागे चौकोनी कागद चिकटवला
की पोर्तुगालला पटेल.

“आत काय लिखेला ते कोणी बघत नाय, बेन,”
परीखभाई म्हणाले.
“सही साची जोइए, बस.”

बारशापर्यंत ती नुसती ‘बेबी’ होती.
पायाला पट्टी, पट्टीवरची शाई फुटलेली,
आणि दोन पाळण्यांपुढे नर्स थबकली
क्षणभर.
मी हात पुढे केला
डावीकडच्या पाळण्याकडे.

हे प्रतिज्ञापत्रात नाही.

स्टॅम्पचे तीनशे, नोटरीचे वेगळे.
परीखभाईंनी शाईवर फुंकर मारली,
कागद उन्हात धरला.
मृण्मयीचा फोन वाजत होता:
आई, झालं का?