शवासन

सिडकोत, सावतानगरच्या मागे,
गांगुर्डे बाईंच्या गच्चीवर
पाण्याच्या काळ्या टाकीशेजारी आमचा वर्ग.
बाई नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या,
एकतीस वर्षं मोजण्यात गेली,
म्हणून श्वासही तसेच मोजतात,
बोटाला पाणी लावून बंडलं मोजल्यासारखे.
आत चार, बाहेर सहा.
एकही फाटका चालणार नाही.

मी आले तेव्हा टाके चार महिन्यांचे होते.
अंबडच्या कंपनीत व्हर्नियर धरणारी मी,
केसभर फरक निघाला तर अख्खा लॉट परत पाठवायचे,
आणि आता माझंच पोट मापात बसेना.
वाकायला जावं तर मध्ये कुणीतरी अजून होतं,
जे खाली, बाईंच्या सुनेजवळ, झोळीत झोपलेलं.
"पोट आत घ्या," बाई म्हणाल्या.
"कुठलं?" मी विचारलं.
शेजारची तरन्नुम इतकी हसली
की तिचं वृक्षासन पडलं.

मार्जारासन शिकलो त्याच आठवड्यात
शाल्मली रांगायला लागली.
घरात आम्ही दोघी चार पायांवर.
फक्त ती पुढे जायची.

ताडासन म्हणजे नुसतं उभं राहणं.
यात काय आसन, असं वाटायचं.
मग एकदा रात्री तीनला, बाटल्या उकळताना,
ओट्यापाशी टाचा आपोआप जवळ आल्या
आणि मान सरळ झाली,
कुणी बघत नसताना.

कामावर परत गेले तर माझ्या टेबलाशी दुसरी मुलगी,
तिच्या हातात माझं व्हर्नियर.
मला स्टोअरला दिलं, नटबोल्टांच्या खोक्यांत.
चिडायच्या आधी मी सहा आकडे श्वास सोडला.
मग चिडलेच.
पण सहा आकडे उशिरा,
आणि त्या सहात, काय बोलायचं ते नीट सुचलं.

शवासन मात्र कधी जमलं नाही.
डोळे मिटता येतात.
कान मिटत नाहीत.
डिसेंबरात फरशी चटईतून पाठीला चावायची,
आणि तिसऱ्या गल्लीतलं कुणाचंही मूल रडलं
तरी माझ्या कुर्त्यावर
दोन ओले रुपये उमटायचे.
"मेल्यासारखं पडा," बाई म्हणायच्या.
बाई, मला सुट्टी नाही हो मरायला.

नंतर ती माझ्या श्वानासनाखालून
बोगदा, बोगदा म्हणत जायची.
एक दिवस डोकं आपटलं. बोगदा बंद.
नंतर तिची पाळी सुरू झाली, माझी चुकायला लागली.
महिन्याचं पाकीट तेच,
घेणारा हात बदलला.
नंतर ती खोलीचं दार आतून लावू लागली
आणि दाराबाहेर मी,
ताडासनात.

काल तिला ठक्कर बाजारातून
धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं.
नर्सिंगचं कॉलेज, होस्टेल, लोखंडी पेटी.
खिडकीतून म्हणाली, "आता जा ना गं."
गेले.

आज गच्चीवर पडले, नेहमीसारखे कान पसरून.
बाई आता खुर्चीत बसून मोजतात,
मध्येच आकडा विसरतात, आम्ही पुरवतो.
ऐकण्यासारखं काही नव्हतं.
कुणाची तरी शिट्टी झाली, कबुतरं,
टाकीत चढणारं पाणी.
अकरा म्हणाल्या, की बारा?

तरन्नुम संध्याकाळी सांणार होती, मी घोरले म्हणून.
जिना उतरताना बाईंनी सगळ्यांना
चपला हातात घ्यायला लावल्या म्हणून.

जाग आली तेव्हा ऊन थेट तोंडावर,
बाकीच्या चटया गेलेल्या,
टाकी भरून वाहत होती
आणि तिची मोटर बंद करायला
कुणी मला हाक मारत नव्हतं.
पाणी चटईच्या कडेपर्यंत आलं.
मी उजव्या कुशीवर वळले, बाई सांगतात तशी,
गुडघे पोटाशी घेतले,
आणि आणखी थोडा वेळ
उठले नाही.